प्रकल्पातील संवादाचे नियोजन : किल्लारी पुनर्वसनाचा धडा

कोणत्याही प्रकल्पाचा आराखडा तयार होतो, अंदाजपत्रक मंजूर होते आणि कामाचे वेळापत्रकही ठरते. मात्र कोणाला, कोणती माहिती, केव्हा व कोणामार्फत द्यावयाची याचा विचार पुष्कळदा काम सुरू झाल्यावर, आणि तोही तक्रारी येऊ लागल्यावर होतो. संवाद हादेखील नियोजनाचाच विषय आहे, ही गोष्ट महाराष्ट्रास ज्या कार्यातून प्रकर्षाने उमगली, ते म्हणजे १९९३ च्या भूकंपानंतरचे पुनर्वसनाचे कार्य होय.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांस भूकंपाचा तीव्र धक्का बसला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच निद्राधीन झाली होती. औसा व उमरगा तालुक्यांतील गावांची सर्वाधिक हानी झाली आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीच्या थरांचे जड माळवद हेच या प्राणहानीचे मुख्य कारण ठरले. यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला.

एक कार्यक्रम, अनेक श्रोते

या कार्यक्रमात गावांची वर्गवारी हानीच्या प्रमाणानुसार करण्यात आली. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची होती. काही गावांत जुन्या जागीच घरे पुन्हा बांधावयाची होती. याखेरीज अनेक जिल्ह्यांत विखुरलेल्या पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते.

कार्यक्रम एक असला तरी त्याच्याशी निगडित असलेल्यांचे प्रश्न भिन्न होते. नव्या गावठाणात जाणाऱ्या कुटुंबास आपले घर कोठे येईल, शेत किती दूर पडेल आणि शेजार कोणाचा मिळेल, याची चिंता होती. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर अवलंबून होते. त्यानुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट असे तीन प्रकार ठरविण्यात आले होते. हा निकष आधी समजावून न दिल्यास शेजाऱ्याचे मोठे घर पाहून भूमिहीनाच्या मनात अन्यायाची भावना येणे स्वाभाविक होते. दुरुस्ती करणाऱ्या कुटुंबास हप्ता केव्हा मिळणार, हे जाणून घ्यावयाचे होते. अभियंत्यास बांधकामाच्या निकषांची, बँकेस खात्यांच्या याद्यांची, देणगीदार संस्थेस जागेच्या ताब्याची, तर मंत्रालयातील प्रकल्प कार्यालयास प्रगतीच्या आकड्यांची आवश्यकता होती. एकच परिपत्रक या सर्वांची गरज भागवू शकत नव्हते.

संदेशामागील भीती ओळखणे

मजबुतीकरणाच्या कामात सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नव्हती. दगडी भिंतींनी आप्तस्वकीयांचे प्राण घेतले होते. त्यामुळे दगडाच्या घरात पुन्हा राहावयाचे नाही, अशी लोकांची धारणा झाली होती. भिंतीत आरपार सांधेदगड बसविणे, माळवदावरील मातीचे ओझे कमी करणे, भिंतींना सभोवार पट्टा बांधून त्या एकमेकींशी जखडणे, असे उपाय अभियंते सुचवीत होते. परंतु ज्याचा दगडावरचा विश्वासच उडाला आहे, त्यास केवळ नकाशा दाखवून हे पटणे कठीण होते. शिवाय येथे काम शासनाने परस्पर करून द्यावयाचे नव्हते. घरमालकानेच साहित्य आणून, गवंडी लावून काम करावयाचे आणि प्रगतीनुसार हप्ते घ्यावयाचे, अशी पद्धत होती. म्हणजे माहिती न समजल्यास एक तर काम थांबे, किंवा पैसा खर्च होऊनही घर पूर्वीइतकेच असुरक्षित राही.

संवाद सहायक

यावरील उपाय म्हणून लोकसहभागाचे काम कार्यक्रमाचा अधिकृत भाग करण्यात आले. मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे ही जबाबदारी आली आणि गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. घर सावरण्याचा व चालविण्याचा भार स्त्रियांवर असतो. पण ग्रामसभेत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येई. या सहायकांनी घरोघरी आणि बैठकांतून कुटुंबाला मिळणारे अर्थसाहाय्य, हप्त्यांची पद्धत आणि सुरक्षित बांधणीची लक्षणे समजावून दिली. तसेच गावातील अडचणी त्यांनी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविल्या. तांत्रिक सूचना ओळखीच्या तोंडून आणि बोलीभाषेत आल्याने तिचे परकेपण कमी झाले.

ज्या ठिकाणी संवाद अपुरा राहिला, तेथील परिणामही बोधप्रद आहेत. नव्या वसाहतींपैकी अनेकांची आखणी सरळ, रुंद रस्त्यांच्या चौकटीत झाली. जुन्या गावातील गल्ल्या, वाड्यांची अंगणे, जनावरांची जागा आणि शेजाराची रचना त्यात पुरेशी उतरली नाही. परिणामी कित्येक घरांत रहिवाशांना पुढे स्वतःच फेरबदल करावे लागले. आराखडा कागदावर असताना विचारलेल्या प्रश्नास एक रेघ बदलून उत्तर देता येते. भिंत उभी राहिल्यावर तेच उत्तर फार महाग पडते.

नियोजनाची पाच अंगे

या अनुभवातून कार्यालयीन प्रकल्पांसाठीही एक पद्धत हाती येते. इमारतीचे स्थलांतर असो, नवी नोंदपद्धती असो वा पाणीपुरवठा योजना असो, पुढील पाच बाबी आरंभीच लिहून काढाव्यात.

पहिली बाब, संबंधितांची यादी. निर्णय घेणारे, काम करणारे, खर्च देणारे आणि परिणाम भोगणारे अशा चारही गटांचा तीत समावेश असावा. चौथा गट बहुधा विसरला जातो.

दुसरी, प्रत्येक गटाची गरज. त्यास काय सांगावयाचे, याबरोबरच त्यास कशाची धास्ती वाटते, हेही नोंदवावे.

तिसरी, वेळ. निर्णय होण्यापूर्वी विचारविनिमय, निर्णय होताच त्याची माहिती आणि काम चालू असताना ठराविक दिवशी प्रगतीचे निवेदन, असा क्रम ठेवावा. विलंब झाल्यास तोही वेळीच कळवावा; मौनाची जागा अफवा घेतात.

चौथी, माध्यम व व्यक्ती. वरिष्ठांस संक्षिप्त अहवाल, कारागिरास प्रात्यक्षिक आणि ग्रामस्थास चावडीवरील बैठक उपयोगी पडते. प्रत्येक गटासाठी बोलणारी एक व्यक्ती निश्चित असावी, म्हणजे परस्परविरोधी उत्तरे दिली जाणार नाहीत.

पाचवी, परतीची वाट. तक्रार कोणाकडे द्यावी, ती किती दिवसांत पाहिली जाईल आणि त्यामुळे आराखड्यात कोणता बदल झाला, हे तक्रारदारास कळले पाहिजे. ही वाट नसेल तर संवाद म्हणजे निव्वळ घोषणा ठरते.

असा तक्ता तयार करण्यास फार खर्च येत नाही. एखाद्या बैठकीत तो पूर्ण होऊ शकतो. मात्र कामाच्या प्रत्येक टप्प्यावर तो पुन्हा तपासावा लागतो, कारण प्रकल्प पुढे सरकतो तशा लोकांच्या शंकाही बदलतात. भूकंपग्रस्त भागात सुरक्षित घराचे ज्ञान अभियंत्यांजवळ होते आणि घर मात्र लोकांचे होते. ते ज्ञान भिंतीत उतरावयाचे, तर या दोहोंमध्ये विश्वासू संवादाचा दुवा असणे अनिवार्य होते. प्रकल्प लहान असो वा मोठा, हा दुवा आराखड्यातच बांधून घेणे हिताचे ठरते.