चुकलेला वीर

प्रतापराव गुजर हे शिवरायांचे सरनोबत. १६७३ साली उमराणीजवळ त्यांनी बहलोलखानाचं पाणी तोडलं. खान शरण आला, म्हणून दया येऊन त्याला सोडलं. पण तो परत स्वराज्यावर आला. महाराज फार रागावले. ते बोल प्रतापरावांच्या मनाला लागले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला ते फक्त ६ जणांना घेऊन खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही वीर धारातीर्थी पडले.

मला वाटतं, फौज सोडून जाणं हीपण चूकच. सरनोबत गेल्यावर फौजेनं कुणाकडे बघायचं? तरी ते मला थोर वाटतात. चूक त्यांना सलली, ते लपून बसले नाहीत. न चुकणाऱ्या वीराला आपण नमस्कार करतो. चुकलेला वीर आपल्यातला वाटतो.