परदेशातला रविवार

प्रश्न : आम्ही पतिपत्नी सहा महिन्यांपासून म्युनिकला राहतो. शनिवार घरकामात सरतो, रविवारी सारा बाजार बंद. सुट्टी कशी घालवावी?

उत्तर : ज्या रविवारचा तुम्हांला जाच वाटतो तो दुकानदारांच्या मर्जीचा नव्हे, कायद्याचा आहे, १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील विश्रांतिदिनाचे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यानेही कायम राखले. म्हणून दूध, भाजी, पाव यांची तजवीज शनिवारी सकाळीच, आणि ती दोघांनी मिळून करावी. एकट्या पत्नीच्या शिरावर हा कारभार टाकू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. रविवारी पिनाकोथेक संग्रहालयांतील कायम चित्रसंग्रह अवघ्या १ युरोत पाहता येतो. परंतु मला विचाराल तर, दोघांचे मिळून एकच बायर्न-तिकीट काढावे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घ्यावी, आणि साल्झबुर्गकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने प्रीनला उतरून किमझे सरोवराच्या काठी, आठवडाभर कचेरीच्या धांदलीत राहून गेलेले बोलणे सावकाश बोलत बसावे. घरच्यांना फोन मात्र निघण्यापूर्वीच करावा. हिवाळ्यात तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इकडे साडेबारा झालेले असतात, आणि आई पानावर बसण्याआधी तुमची वाट पाहत असते.