शस्त्रक्रियेनंतरची हयात

गॅस्ट्रिक बायपास करवून घेतल्याने देहाचा भार उतरला, रक्तातील साखर आटोक्यात आली आणि जिना चढताना लागणारी धाप थांबली, हे कृतज्ञतापूर्वक मान्य करूनही, या उपायाची जी बाजू मला पोटात रक्तस्राव होऊन खाटेस खिळल्यावर उमगली, ती या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास आगाऊ ठाऊक असावी, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

या शस्त्रक्रियेत जठर काढून टाकतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून तिला लहान आतड्याचा खालचा भाग जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, मात्र अन्न त्यातून जात नाही. व्रणासाठी जठराचा भाग कापलेल्या रोग्यांचे वजन घटते, या निरीक्षणावरून अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली ही योजना केली. पण पिशवी आणि आतडे यांच्या सांध्यालगतच्या आतड्यास आम्ल सोसण्याची प्रकृती नसल्यामुळे तेथेच नवा व्रण होऊ शकतो, आणि त्यास धूम्रपान व आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके विशेषेकरून कारणीभूत होतात.

माझ्या रुग्णालयाने घरी जाताना दिलेल्या कागदात टाक्यांची निगा, आहार आणि पुढील भेटीची तारीख यांचा तपशील होता. वेदनाशामकांविषयी अवाक्षर नव्हते. पुढे गुडघा दुखू लागला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सर्वांना देतात तीच गोळी दिली, आणि काही आठवड्यांतच छातीच्या हाडाखाली आग, डांबरासारखा काळाकुट्ट शौच व उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी, अशी अवस्था झाली. दुर्बिणीने तपासता व्रण नेमका सांध्यावर आढळला. काळा शौच हा रक्तस्रावाचा इशारा असून त्यावर घरगुती इलाज करीत बसणे जिवावर बेतू शकते, हे मुद्दाम सांगतो.

इतर पथ्ये त्या मानाने सर्वांस सांगितली जातात, तरी पाळली जातातच असे नाही. एका लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर श्रीखंडाचे चार घास घेतले, तो अर्ध्या घटकेत छाती धडधडू लागली, अंगास दरदरून घाम फुटला आणि मला आडवे व्हावे लागले; साखर पिशवीतून एकदम आतड्यात उतरली की असे होते. ब-१२ जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मंदावते, म्हणून त्यांची पूर्ती वजन उतरल्यावर नव्हे, तर हयातभर चालू ठेवावी लागते. ती सोडल्यास पायांस मुंग्या येणे व पांडुरोग यांस निमंत्रण मिळते. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर थायामिनच्या अभावी मेंदूस इजा पोहोचण्याचा धोका असतो, तेव्हा विलंब करू नये.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्या शल्यचिकित्सकांकडून वर्ज्य औषधांची यादी लेखी मागून घ्या, आपल्या पोटाची रचना बदलली आहे असा दाखला सदैव खिशात बाळगा, आणि दाढ दुखो वा कंबर, कोणत्याही डॉक्टरांसमोर बसताच तो प्रथम पुढे ठेवा.