नदी उंचावर, शेते उतारावर!

नदी सखल भागातून वाहते व दोन्हीकडची जमीन तिच्याकडे उतरते, असे आपण धरून चालतो. पण अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या टिबडो गावाचा, १८९० च्या दशकातला स्थलदर्शक नकाशा उघडा. तेथे उलटाच प्रकार दिसेल!

हे गाव बायू लाफूर्श या प्रवाहाकाठी वसले आहे. ‘बायू’ म्हणजे सपाट, दलदलीच्या मुलखातला संथ प्रवाह. नकाशात पाणी निळे, घरे-रस्ते काळे आणि समोच्चरेषा तपकिरी आहेत. या रेषांचे आकडे वाचा. प्रवाहालगत आकडा मोठा. दूर जावे तसतसा लहान. म्हणजे काठ उंच आणि दलदल सखल!

असे का व्हावे? एका बाटलीत पाणी, वाळू व चिकणमाती घालून हलवा आणि स्थिर ठेवा. वाळू लगेच तळाशी बसते, माती बराच वेळ तरंगते. पुराचे पाणी काठाबाहेर पसरले की त्याचा वेग एकदम कमी होतो. जाडसर गाळ काठावरच पडतो, बारीक गाळ दूर जातो. अशा असंख्य पुरांनी काठ उंचावतात. त्यांना ‘पूरतट’ म्हणतात. सुमारे १६०० ते ६०० वर्षांपूर्वी मिसिसिपी नदीचे बरेचसे पाणी याच वाटेने समुद्राला मिळे. तिनेच हे पूरतट रचले.

कोरडी जमीन काठावरच असल्याने वस्ती प्रवाहाच्या कडेने लांबच लांब पसरली. प्रत्येकाला काठाचा वाटा मिळावा, म्हणून शेतांच्या अरुंद पट्ट्या प्रवाहापासून दलदलीपर्यंत आखल्या गेल्या.

पुराचा त्रास टाळण्यासाठी १९०४ मध्ये या बायूचे मुख बांध घालून बंद केले गेले. पूर थांबला, पण त्याबरोबर नवा गाळही थांबला! पुढे पिण्याच्या पाण्यासाठी १९५५ पासून पंपांनी नदीचे पाणी त्यात सोडावे लागले. त्रिभुज प्रदेशातली जमीन मुळातच खचत असते. गाळ मिळाला नाही, तर ती भरून कशी निघणार? मिसिसिपीकाठचे बांध, दलदलीतून खणलेले कालवे आणि चढता समुद्र यांचीही त्यात भर पडली. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली.

ही हानी मोजायची, तर पूर्वी जमीन कोठवर होती हे आधी कळायला हवे. जुना नकाशा नेमके तेच सांगतो. म्हणून नवा नकाशा आला, तरी जुना टाकून देऊ नये.

आता तुमच्या गावाचा स्थलदर्शक नकाशा मिळवा आणि नदीकाठच्या समोच्चरेषांचे आकडे वाचा. उतार कोणीकडे आहे?