मशीनपर्यंत पोचण्याआधी

रिपोर्ट चुकला की लोक मशीनला नावं ठेवतात. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत वेगळं झालंय. मशीन बिचारं समोर येईल ते मोजतं. घोळ बहुतेक वेळा आधीच, खाटेपासून लॅबच्या खिडकीपर्यंतच्या वाटेत झालेला असतो. त्या वाटेवरचे हे काही अनुभव.

1. पेशंटचं नाव आपण सांगायचं नाही, त्याला विचारायचं. "शांताबाई ना तुम्ही?" म्हटलं की तापाने गुंगलेली बाई मान हलवते, कमी ऐकू येणारे आजोबाही हलवतात. "पूर्ण नाव सांगा" म्हणावं, केसपेपरशी ताडावं आणि बल्बवर, म्हणजे रक्त घ्यायच्या नळीवर, नाव-नंबर तिथेच, खाटेशेजारी उभं राहून लिहावा. रिकाम्या बल्बांवर आधीच नावं टाकून वॉर्डात निघायची सवय कुणाला असेल तर ती पहिल्याच दिवशी मोडावी.

2. टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. एका दुपारी एका पेशंटचं पोटॅशियम 9 च्या वर आलं. नॉर्मल 3.5 ते 5. एवढ्या आकड्याला हृदय बंद पडायची वेळ येते, आणि हा गृहस्थ खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. कॅल्शियम पाहिलं, तर ते तळाला गेलेलं. दोन आकडे शेजारी ठेवले आणि उलगडा झाला. लाल बल्बात रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं होतं. जांभळ्या बल्बात पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि स्वतःचं पोटॅशियम रक्तात सोडतं. नव्याने रक्त घेतलं, दोन्ही आकडे जागेवर आले. साखरेसाठी राखाडी बल्ब लागतो तोही उगीच नाही. साध्या बल्बात रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर तासाला 5 ते 7 टक्क्यांनी खात राहतात. वॉर्डातून उशिरा आलेल्या सॅम्पलची साखर कमी दिसली तर आधी घड्याळ बघावं.

3. प्लेटलेटचा कमी आकडा काचेवर पाहिल्याशिवाय सोडू नये. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की आमच्या खिडकीशी एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" मशीन म्हणतं 22 हजार. पेशंटच्या अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही. अशा वेळी रक्ताचा थेंब स्लाइडवर ओढावा, लिशमन स्टेन करावा आणि स्मिअरच्या शेपटीकडे नजर न्यावी. तिथे प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके बसलेले सापडतात. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या सुट्या मोजताच येत नाहीत. निळ्या, सायट्रेटच्या बल्बात पुन्हा रक्त घ्यायचं, ताबडतोब मोजायचं आणि त्या द्रवाने रक्त पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. असाच एक आकडा दीड लाखाच्या वर गेला, तोवर नातेवाईक प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढीच्या दारात उभे होते. श्रेय मात्र पपईच्या पानांच्या रसाला गेलं. मी वाद घातला नाही.

4. लाळ म्हणजे बेडका नव्हे. क्षयाच्या तपासणीला छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो, शक्यतो सकाळचा. डबीत फेसाळ लाळ आली तर नीट समजावून पुन्हा मागावी. सीबीनॅटचं मशीन साधारण दोन तासांत जंतूही सांगतं आणि रिफाम्पिसिनला ते दाद देतात की नाही तेही सांगतं. पण जंतू डबीत उतरलेच नाहीत तर ते निगेटिव्हच म्हणणार, आणि तो कागद घेऊन पेशंट लहान मुलांच्या घरात परत जाणार.

5. रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासावा. पेशीही आणि सीरमही. बॉम्बे रक्तगट नुसत्या पेशी पाहिल्या तर सरळ ओ दिसतो. सीरम ओच्या पेशींबरोबर ठेवलं की गुठळ्या होतात आणि खरं बाहेर येतं. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट जगापुढे आणला. या गटाच्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, जिवावर बेततं. घाईच्या रात्रपाळीत सीरमची बाजू गाळायचा मोह होतो, तो आवरावा.

6. ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजार नसतो. बऱ्याचशा नॉर्मल रेंज 95 टक्के निरोगी लोकांवरून ठरतात. म्हणजे 5 टक्के ठणठणीत माणसं व्याख्येनेच बाहेर. वीस तपासण्यांचं पॅकेज केलं तर एखादा आकडा बाहेर पडण्याचीच शक्यता जास्त. ही पॅकेजं विकणारे हे सांगत नाहीत.

7. जिवावरचा आकडा आला की कागदाची वाट बघू नये. फोन करावा, समोरच्याकडून आकडा परत वदवून घ्यावा, त्याचं नाव आणि वेळ रजिस्टरात टिपावी.

आता वाचकांसाठी दोन शब्द. रक्त द्यायला याल तेव्हा चहा घेतला असेल तर घेतला म्हणून सांगा, चालू असलेल्या गोळ्या सांगा, सलाईन लावलेला हात पुढे करू नका. आणि उठण्याआधी बल्बवरचं नाव स्वतः वाचा. टेक्निशियन कुरकुरला तर कुरकुरू द्या.