चौथे चाक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिनेसोटा नावाचे एक राज्य आहे. ते देशाच्या उत्तर टोकाला असून त्याची सीमा कॅनडाला भिडलेली आहे. तेथील हिवाळा मोठा कडक. तळी गोठून जातात आणि शेते कित्येक आठवडे बर्फाखाली झाकलेली राहतात. या राज्याच्या पश्चिम भागात रॉथसे हे एक लहानसे गाव आहे. तेथे लुई केलर आणि सिरिल केलर हे दोघे भाऊ लोहारकामाचे आणि यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवीत असत. दुकान साधेच होते. आसपासचे शेतकरी आपली मोडकी अवजारे व बिघडलेली यंत्रे घेऊन येत आणि केलर बंधू ती जोडून, सांधून परत देत.

१९५६ साली एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची अडचण मात्र निराळी होती. त्याचे काही मोडले नव्हते. त्याला हवे असलेले यंत्र जगात कोठेच मिळत नव्हते.

हा शेतकरी टर्की पाळीत असे. टर्की हा कोंबडीच्या कुळातील, पण तिच्याहून पुष्कळ मोठा पक्षी. त्याच्या मांसाला अमेरिकेत फार मागणी असते. पक्ष्यांसाठी त्याने मोठे दुमजली कोठार बांधले होते. जमिनीवर पसरलेला पेंढा आणि पक्ष्यांची विष्ठा यांचे तेथे थरावर थर साचत. ते वेळोवेळी उपसून बाहेर टाकणे भाग असे. हे काम माणसे दाताळ्यांनी आणि फावड्यांनी करीत. ज्याने कोंबड्यांचे खुराडे एकदा तरी साफ केले असेल, त्याला या कामाची कल्पना येईल. साचलेल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, नाकाला चरचरतो. अशा हवेत वाकून वाकून टोपल्यांमागून टोपल्या उपसायच्या म्हणजे माणसाच्या पाठीचा काटा ढिला होऊन जाई.

मग ट्रॅक्टर का वापरू नये? शेतकऱ्याकडे तशी यंत्रे होती; परंतु कोठाराच्या आत छताला आधार देणारे खांब उभे होते, आणि त्यांच्यामधून ट्रॅक्टर वळविता येत नसे. शिवाय वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीला त्याचा भार पेलला नसता. तेव्हा वजनाला हलके, अंगाने लहान आणि उभ्या जागी वळणारे असे यंत्र त्याला हवे होते.

यांतील ‘उभ्या जागी वळणारे’ ही अटच सर्वांत अवघड होती. मोटारीची पुढची चाके तिरपी होतात व गाडी मोठे वळण घेऊन फिरते. अरुंद बोळात बैलगाडी अडकली म्हणजे ती वळविताना गाडीवानाची किती तारांबळ उडते! पण तोच शेतकरी नांगर घेऊन शेताच्या बांधाशी पोचला की काय करतो? आतल्या बाजूच्या बैलाला तो थोपवून धरतो आणि बाहेरच्या बैलाला हाकतो. एक थांबला, दुसरा चालला, की जोडी थोड्या जागेत वळते. केलर बंधूंनी आपल्या यंत्रात हीच गोष्ट चाकांकडून करवून घेतली. पुढे दोन चाके बसवून त्यांनी प्रत्येक चाकाला स्वतंत्र गती दिली. चालकाच्या दोन्ही हातांना एक एक दांडा. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे जाई. दोन्ही मागे ओढले की मागे येई. एक पुढे आणि दुसरा मागे केला, की यंत्र भोवऱ्यासारखे जागच्या जागी गरकन फिरे. मागे एकच लहान चाक होते. दवाखान्यातील ढकलगाडीची चाके जशी वाटेल त्या दिशेला आपोआप फिरतात, तसे ते पुढच्या चाकांमागून मुकाट्याने फरपटत येई. घाण उचलण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी वर-खाली होणारे सूप बसविलेले होते.

१९५७ च्या फेब्रुवारीत हे तीनचाकी यंत्र शेतकऱ्याच्या हवाली झाले. खांबांमधून ते सहज वळू लागले. ते माळ्यावरही चालले.

येथे गोष्ट संपली असती तर ती ऐकायला गोड वाटली असती. पण खरी यंत्रे इतक्या सुखासुखी तयार होत नाहीत. इंजिनाची गती चाकांपर्यंत पोचविण्यासाठी पहिल्या यंत्रात पट्टे आणि कप्प्या वापरल्या होत्या. कोठारातील ओल, घाण आणि सततचे मागे-पुढे होणे यांपुढे पट्ट्यांचा निभाव लागेना. काम ऐन रंगात आले असता यंत्र अडून बसे. केलर बंधूंनी पट्ट्यांचा नाद सोडला आणि त्यांच्या जागी क्लच बसविले. क्लच म्हणजे एकमेकांवर दाबले जाणारे दोन भाग. दाब दिला की एकाबरोबर दुसरा फिरू लागतो, दाब सोडला की दुसरा थांबतो. प्रत्येक बाजूला पुढे जाण्यासाठी एक आणि मागे येण्यासाठी एक अशी त्यांची योजना होती. हातातील दांडा किंचित हलविताच चाकाची दिशा क्षणात बदलू लागली. या रचनेचे पेटंट त्यांना १९६४ साली मिळाले. वास्तविक यंत्राचा खरा जीव या क्लचमध्येच होता. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते नेहमी सूप आणि चाके!

यंत्र उपयोगी होते, पण गावच्या दोन लोहारांनी अशी किती यंत्रे घडवावी? शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्विनर येथे मेलरो बंधूंचा शेतीच्या अवजारांचा कारखाना होता. केलर बंधूंच्या एका नातलगाने त्यांची तेथे गाठ घालून दिली. १९५८ च्या मिनेसोटा राज्य जत्रेत हे यंत्र मांडले गेले आणि लोकांनी त्यात फार रस घेतला. लगोलग मेलरो बंधूंनी ते बनविण्याचे हक्क घेतले आणि केलर बंधूंना आपल्या कारखान्यात बोलावून घेतले.

आता यंत्र कोठाराबाहेर पडले, आणि त्याचे उणे दिसू लागले. सपाट जमिनीवर चपळ असणारे ते तीनचाकी यंत्र खाचखळग्यांत डगमगे. चिखलात आणि बर्फात त्याची पकड सुटे, कारण जोर लावणारी चाके दोनच. तिसरे नुसतेच ओझ्याला. उपाय उघड होता. मागचे लहान चाक काढावे, तेथे दोन मोठी चाके बसवावी आणि चारही चाकांना गती द्यावी. एका बाजूची पुढची व मागची चाके साखळीने जोडली, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फिरतील.

परंतु मग यंत्र वळणार कसे? फिरते चाक तर गेले. आता चारही चाके सरळ, ताठ. एका बाजूची चाके पळू लागली तरी बाकीची जमिनीला घट्ट धरून बसतील! यातून वाट निघाली ती वजनाच्या वाटणीमुळे. इंजिन मागे ठेवून यंत्राचे सुमारे ७० टक्के वजन मागच्या चाकांवर आणि उरलेले पुढच्या चाकांवर येईल अशी रचना केली गेली. सूप रिकामे असले म्हणजे पुढचा भाग हलका असतो, त्यामुळे वळताना पुढची चाके जमिनीवरून बाजूला घसरतात. सूप भरले की भार पुढे सरकतो. मग मागची चाके घसरतात. एका जोडीने रोवून उभे राहायचे आणि दुसरीने घसरायचे, असा हा करार. या घसरण्याने टायर लवकर झिजतात आणि मऊ जमीन खरवडली जाते, हे मात्र खरे. चिखलात रुतून बसण्यापेक्षा लोकांना ते परवडले.

हे चारचाकी यंत्र १९६० साली तयार झाले. १९६२ पासून त्याला ‘बॉबकॅट’ हे नाव मिळाले. बॉबकॅट म्हणजे उत्तर अमेरिकेतील रानमांजर, अंगाने लहान, पण काटक आणि चपळ.

२०२३ साली केलर बंधूंची नावे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मालिकेत सन्मानपूर्वक दाखल झाली. त्या वेळी दोघेही हयात नव्हते. ग्विनरला आजही ही यंत्रे बनतात, आणि त्याच पद्धतीची यंत्रे इतरही अनेक कारखाने बनवितात. क्लचची जागा आता तेलाच्या दाबावर चालणाऱ्या योजनेने घेतली आहे. रस्त्याच्या कामावर, इमारतीच्या पायाशी, गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या कोठारांत ती वावरत असतात. त्यांच्या चाकांना तिरपे होणे आजही ठाऊक नाही. उजवीकडे जायचे असले, की डाव्या बाजूची दोन चाके जोराने पळतात, आणि यंत्र घसरत घसरत उजवीकडे तोंड करते.