भुंगेऱ्याची ओळख : कुल आणि कर्म

वळवाचा जोरदार पाऊस झाला की हिंजवडीच्या रस्त्यांवरील दिव्यांखाली भुंगेरे गोळा होतात. त्यांतील प्रत्येकाला 'हुमणी' समजून चिरडण्याची सवय पुष्कळांना असते. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील ग्रहण करणाऱ्याने निदान समोरचा जीव कोणता, हे आधी पाहावे.

पुढच्या पंखांची कठीण झाकणे पाठीच्या मध्यावर सरळ रेषेत मिळणे, ही बहुतेक सर्व भुंगेऱ्यांची खूण होय. कुल ओळखण्यासाठी शृंगिका, म्हणजे मिशा, पाहाव्यात. टोकाशी पुस्तकाच्या पानांसारखे, उघडमीट करणारे पातळ पापुद्रे असतील, आणि पुढचे पाय रुंद व दातेरी असतील, तर तो स्कॅराबिडी कुलातील भुंगेरा समजावा. मिशा दोऱ्यासारख्या असतील, तर तो या कुलाचा नव्हे. दिव्याखाली येणारे अनेक भू-भुंगेरे असेच असून ते इतर किडी खातात.

मात्र कुल एक असले तरी कर्म एक नसते. हुमणीचा भुंगेरा तपकिरी, सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा असतो. पहिल्या पावसानंतर तो संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब व बाभळीचा पाला खातो. त्याची अळी उसाची मुळे कुरतडते आणि उभा ऊस वाळतो. त्याच कुलातील शेणकिड्याचे डोके फावड्यासारखे रुंद असते व मधल्या पायांच्या जोडीत बरेच अंतर असते. तो शेण जमिनीत गाडून तिचा कस वाढवतो. डोक्यावर शिंग असलेला मोठा काळा गेंड्या भुंगा नारळाचा कोवळा कोंब पोखरतो.

अळ्यांतही असाच भेद आहे. या कुलातील अळ्या पांढरट, बाकदार आणि सहा पायांच्या असतात. शेणखतात सापडलेली अळी सपाट जागी ठेवावी. ती उताणी होऊन पाठीवर सरकू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची असते. कुजका पालापाचोळा खाऊन ती खतच करते. हुमणीची अळी पाठीवर चालत नाही.

हुमणीने पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याला तिचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु प्रकाश सापळ्यातील भुंगेरे नष्ट करण्यापूर्वी ते निवडावेत आणि शेणकिडे व भू-भुंगेरे पुन्हा शेतात सोडावेत. एक साधे भिंग आणि थोडा वेळ, एवढे साहित्य त्यास पुरते.